आडव्या रेघेचा सात

शनिवारी सकाळी नऊला पहिली पेटी फोडतात.
क्रीडागृहाच्या जमिनीवर बास्केटबॉलच्या रंगीत रेघा,
त्यांच्यावर टेबलं, टेबलांअलीकडे लोखंडी कठडा,
आणि कठड्याला रेललेले आम्ही,
क्लिपबोर्ड घेऊन
हात न लावता मोजणारे.

आत्याची जागा डावीकडून तिसरी.
अट्रॅक्टा मॅकगोल्ड्रिक. बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत
आणि दर निवडणुकीला एक दिवस इथे.
फेब्रुवारीत गेली.
मे महिन्यात तिच्या नावाचं मतदान-कार्ड आलं.
यादीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.
ते परत पाठवायला हवं होतं. मी घड्याळामागे ठेवलं.

फेलिम सरकून मला जागा करून देतो.
तो समोरच्या पक्षाचा. तीस वर्षं आत्याशी भांडला
आणि तीस वर्षं दोघांनी टेबल वाटून घेतलं:
तू ही चळत बघ, मी ती,
जेवणाच्या वेळी आकडे जुळवू.
"तिची पेन्सिल आणलीस?" एवढंच विचारतो.

हिशेब तिने मला वाळक्या वाटाण्यांवर शिकवला,
स्वयंपाकघरात, मेणकापडावर.
"मतं आठ हजार चारशे, जागा पाच.
पाचात एक मिळव, सहाने भाग. चौदाशे.
आता त्यात आणखी एक टाक. जिंकायला एवढी हवीत."
तो वरचा एक कशाला?
"तो कुणाचा ते कधीच कळत नाही,
म्हणून सगळ्यांनी यायचं. पावसातसुद्धा."

मग सगळ्यात रिकामी बशी तिने उचलली.
"हा पडला. पण याचे वाटाणे फेकायचे नाहीत.
प्रत्येकाला विचारायचं, हा नाही तर कोण?
दुसरा आकडा बघायचा, तिकडे सरकवायचा.
तोही पडला, तर तिसरा."
बशीतून बशीत ओतताना
एक वाटाणा घरंगळत चुलीखाली गेला.
"हा बघ, याने पुढे काही लिहिलंच नाही.
तू शेवटपर्यंत लिही. अकरा उमेदवार, अकरा आकडे.
ज्याचं तोंड बघवत नाही त्याला अकरावा.
आणि सातच्या कमरेत रेघ मार,
नाहीतर घाईत तो एक दिसतो."
ही रेघ तिने अँटवर्पहून आणली होती,
एका हॉटेलच्या धोबीखान्यातली दोन वर्षं,
ज्यांतलं तिने याहून जास्त काही सांगितलं नाही.

आमच्या शाळेची पेटी अकरा वाजता.
दोनशे चौदा चिठ्ठ्या.
रबरी टोपणांची बोटं एकेक उलगडतात,
आणि त्या पुन्हा मिटू बघतात.
आत्या आकड्यांच्या वळणावरून घरं ओळखायची,
नाव मात्र कधी घेतलं नाही.
मी नुसत्या काड्या मारतो.

मग एक आली.
एक ते अकरा, कुठेही गाळलं नव्हतं,
आणि सातच्या कमरेत रेघ.

पेन्सिल थांबली.
कार्ड घड्याळामागेच आहे, मी स्वतःला सांगितलं.
शाळा तिच्या दारापासून चारशे पावलं,
शेवटच्या वर्षी ती दोनदा थांबून गेली असती...

मग कळलं.
शुक्रवारी संध्याकाळी,
दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने,
मीच.

"एक सुटला तुझा," फेलिम म्हणाला,
डोळे टेबलावरून न काढता.
मी काडी मारली. पाचवी होती,
चार उभ्यांवरून आडवी.

रात्री सातव्या फेरीत आपला माणूस पडला.
त्याच्या चळतीचं रबर काढून
चिठ्ठ्या दुसऱ्या टेबलांवर नेल्या.
फेलिमने तिच्या फ्लास्कमधला कोमट चहा
विचारल्याशिवाय ओतून घेतला.
माझी चिठ्ठी त्यांतच होती.
कुठे गेली ते मला माहीत आहे.
सांगणार नाही.